चार अक्षरांपुरती जागा : टीएमएस ९९१८ए या जुन्या चित्रचिपचे परीक्षण

गेल्या उन्हाळ्यात मी एका परदेशी विक्रेत्याकडून पहिल्या पिढीचा जपानी एमएसएक्स संगणक मागवला, तो मुख्यतः त्याच्या आत बसलेल्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस ९९१८ए या चित्रचिपसाठी, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या चिपसाठी. संगणक कोणत्या कंपनीचा हे येथे गौण आहे, कारण १९८३ मध्ये जाहीर झालेल्या एमएसएक्स मानकाचा उद्देशच असा होता की कोणत्याही कंपनीचे यंत्र घेतले तरी आत झेड८०ए प्रोसेसर आणि ही चित्रचिप किंवा तिचे भावंड असावे. हीच चिप टीआय-९९/४ए या घरगुती संगणकात आणि तिचे भावंड १९८२ च्या कोलेकोव्हिजन या खेळयंत्रात होते, त्यामुळे हे परीक्षण त्या यंत्रांच्या शौकिनांनाही बरेचसे लागू पडेल.

जपानी यंत्राला १०० व्होल्ट लागतात. ही अडचण कोल्हापुरात अडचण राहत नाही. शिवाजी उद्यमनगरात मोटारी रिवाइंड करणाऱ्या एका कारागिराने २३० चे १०० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर दोन दिवसांत गुंडाळून दिला, आणि तो यंत्रापेक्षा जड असला तरी तासन्‌तास चालूनही फारसा तापत नाही. चित्राचे मात्र तसे झाले नाही. यंत्राचा सिग्नल एनटीएससी पद्धतीचा आणि माळ्यावरचा आमचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, त्यामुळे त्यावर चित्र आले ते कृष्णधवल, आणि मागचे बटण पिळेपर्यंत वरून खाली सरकत राहणारे. हॉलमधल्या नव्या एलसीडी टीव्हीने तोच सिग्नल विनातक्रार रंगीत दाखवला.

रंगीत दाखवला, पण भलत्याच रंगांत. विक्रेत्याने ‘तपासलेले, चालू स्थितीत’ असे लिहिले होते. प्रत्यक्षात जो पडदा गडद निळा असायला हवा होता तो गडद लाल दिसत होता, दर आठ पिक्सेलांनी एक उभी रेघ होती आणि सगळ्या रिकाम्या जागी अवतरणचिन्हे भरली होती. ‘ए’ दाबला की ‘सी’ उमटे, ‘डी’ दाबला की ‘एफ’. मी बीप वाजवणाऱ्या कंट्रोल-जी या कळा दाबल्या, तेव्हा यंत्राने बरोबर बीप केले. म्हणजे संगणक शाबूत होता, त्याचे डोळे बिघडले होते. संगणकाच्या लेखी रिकाम्या जागेचा क्रमांक ३२ आणि अवतरणचिन्हाचा ३४, ‘ए’चा ६५ आणि ‘सी’चा ६७, निळ्याचा ४ आणि गडद लालचा ६. सगळीकडे दोनाचाच फरक होता, म्हणजे प्रत्येक क्रमांक ज्या आठ बिटांत (शून्य-एकच्या घरांत) साठवला जातो त्यांपैकी दोनाचा एकच बिट कायम चालू राहिला होता. माझ्या यंत्रात चित्राच्या मेमरीसाठी आठ वेगवेगळ्या चिप आहेत आणि प्रत्येकीकडे एकेक बिट आहे. त्यामुळे आठांपैकी नेमकी कोणती चिप गेली हे पडद्यावरच लिहिलेले होते. लक्ष्मीपुरीत टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या मेकॅनिकने ती काढून सॉकेट बसवले आणि मी मागवून ठेवलेली दुसरी चिप त्यात लावली. अर्ध्या तासाचे काम होते. विक्रेत्याने आजतागायत उत्तर दिलेले नाही.

या बिघाडातूनच चिपचा मूळ स्वभाव कळतो, आणि माझ्या मते अशा कोणत्याही जुन्या चित्रचिपची पारख रंग किंवा पिक्सेल मोजून करण्यापेक्षा ती मेमरी कोणाशी आणि कशी वाटून घेते हे पाहून करावी. त्याच काळातील झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकात चित्र मुख्य मेमरीतच असते आणि पडदा रंगवला जात असताना त्या भागाकडे वळलेल्या प्रोसेसरला यूएलए ही चिप ताटकळत ठेवते. कमोडोर ६४ या संगणकातील व्हिक-२ ही चित्रचिप दर आठव्या ओळीला प्रोसेसरला त्याच्या घड्याळाचे सुमारे ४० ठोके थांबवून त्याची मेमरी स्वतः वाचते. आपल्याकडे १९८४ पासून ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये आलेल्या बीबीसी मायक्रोत प्रोसेसर आणि चित्राची यंत्रणा दोघे आळीपाळीने इतक्या झपाट्याने मेमरी वाचतात की कोणी कोणाला अडवत नाही, पण उत्तम चित्र हवे असेल तर ३२ किलोबाइटपैकी २० चित्रातच जातात. टीएमएस ९९१८ए ही या सगळ्यांपासून वेगळी चूल मांडून राहते. तिची १६ किलोबाइट मेमरी फक्त तिची. प्रोसेसरने तिकडे थेट पाहायचेदेखील नाही, खिडकीतून एकेक बाइट आत द्यायचा आणि ती सवडीने ठेवून घेईल. म्हणून तर माझे यंत्र चित्र बिघडले असतानाही आपले काम चोख करत होते.

या वेगळ्या चुलीची किंमतही आहे. पडदा रंगवण्याच्या कामात असताना ही चिप एक बाइट स्वीकारायला सुमारे आठ मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ घेऊ शकते, आणि एमएसएक्समध्ये ‘थांब’ असे सांगायची तिला सोय नाही. मी मशीन भाषेत ओटीआयआर ही आज्ञा वापरून चित्र पाठवले, तेव्हा ते वाळवी लागल्यासारखे जागोजागी खाल्लेले दिसले, कारण ती आज्ञा सुमारे साडेसहा मायक्रोसेकंदांतच पुढचा बाइट पाठवते. दोन चित्रांच्या मधल्या फटीत पाठवले की तेच चित्र अखंड उतरते. बेसिक या सोप्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिणाऱ्याला हा त्रास जाणवणार नाही. बेसिक मुळातच तेवढे वेगवान नाही.

आता स्प्राइट, म्हणजे पार्श्वभूमीला धक्का न लावता हलवता येणाऱ्या छोट्या आकृत्या. अशा ३२ आकृत्या ही चिप सांभाळते, प्रत्येक एकाच रंगाची, आठ बाय आठ किंवा सोळा बाय सोळा पिक्सेलांची. अट एवढीच की एका आडव्या ओळीत चारांपेक्षा जास्त दिसणार नाहीत. ही अट तपासण्यासाठी मी देवनागरी अक्षरे सोळा बाय सोळाच्या चौकटींत पाडली. ‘ल्हा’ने त्यात सर्वांत जास्त छळले, कारण अर्धा ल, ह आणि काना सोळा पिक्सेलांत बसवताना ह ची गाठ सोडूनच द्यावी लागली. को, ल्हा, पू, र अशी चार अक्षरे शेजारी ठेवली आणि ‘कोल्हापूर’ पडद्यावर सुरेख सरकू लागले. मग हौसेने ‘कर’ जोडले. चिपने ते दोन्ही स्प्राइट निमूटपणे गाळून टाकले आणि पडद्यावर ‘कोल्हापूर’च राहिले. गाळल्याची नोंद मात्र ती इमानाने ठेवते: स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपची स्थिती सांगणाऱ्या खान्यात, पाचव्या स्प्राइटचा क्रमांक मिळतो, आणि मोजणी शून्यापासून असल्याने तो ४ येतो. जुन्या खेळांत शत्रू लुकलुकताना दिसत, ते याच अटीला वळसा घालण्यासाठी; प्रोग्रामर दर चित्राला वेगळ्या आकृत्यांना पुढचा नंबर देत असत.

पडदा सरकवण्याची सोय मात्र या चिपमध्ये नाही आणि ही तिची सर्वांत मोठी उणीव आहे. पार्श्वभूमी आठ-आठ पिक्सेलांच्या धक्क्यांनीच हलते, खड्ड्यांच्या रस्त्यावरून एसटी जावी तशी. कमोडोर ६४ वर हेच काम लोण्यासारखे होते.

रंग १५ आहेत आणि ते बदलता येत नाहीत. त्यांत तीन हिरवे आणि तीन लाल आहेत, म्हणजे तांबड्या-पांढऱ्याची सोय झाली. जोतिबाच्या गुलालाजवळ जाणारा एक किरमिजीही आहे. भगवा नाही, गडद पिवळा आणि फिकट लाल यांच्यामध्ये तो कुठेतरी राहून गेला. शिवाय सलग आठ पिक्सेलांच्या पट्टीत दोनच रंग राहू शकतात, म्हणून लाल वर्तुळावरून पिवळी रेघ ओढली की कडेची पार्श्वभूमी खराब होते. स्पेक्ट्रममध्ये हेच बंधन आठ बाय आठच्या संपूर्ण चौकोनाला असल्याने तेथील चित्र याहून ढोबळ दिसते, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

चिप तापते, आणि एप्रिलमध्ये तर बोट टेकवत नाही. मी तिच्यावर ॲल्युमिनियमचा छोटा हीटसिंक चिकटवला आहे. तिच्या जागी बसणारे एफ१८ए किंवा पिको९९१८ यांसारखे नवे पर्याय थंड राहतात आणि संगणकाच्या मॉनिटरला थेट जोडता येतात. ज्याला फक्त खेळ खेळायचे आहेत त्याने तेच घ्यावेत. मी मूळ चिप काढणार नाही. माझा तो ‘कर’ गाळणारी तीच आहे, आणि तो का गाळला हे समजून घेण्यातच माझा अख्खा पावसाळा गेला.

असे यंत्र मागवणाऱ्याने विक्रेत्याकडे लाल दिवा पेटलेल्या डब्याचा नव्हे, तर सुरू झालेल्या पडद्याचा जवळून काढलेला फोटो मागावा, आणि त्यात रिकाम्या जागा खरोखर रिकाम्या आहेत की नाहीत ते निरखून पाहावे.