ग्रुप मेडिक्लेमच्या कोटेशनवर जीएसटी शून्य? बडोद्यात आमचे 2,79,000 असे गेले

ग्रुप मेडिक्लेमच्या कोटेशनवर जीएसटीच्या रकान्यात शून्य दिसलं, तर समोरच्याला तिथल्या तिथे नमस्कार करा आणि वाटेला लावा. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी माफ झाला तो आपण स्वतःसाठी, घरच्यांसाठी घेतो त्या पॉलिसींवरचा. कंपनी कामगारांसाठी घेते त्या ग्रुप पॉलिसीवरचा 18 टक्के कर होता तसाच राहिला. पेपरात, टीव्हीवर, व्हॉट्सॲपवर 'आरोग्य विमा करमुक्त' एवढंच मोठ्या अक्षरात होतं. खालचा फरक आमच्याकडे शून्याचं कोटेशन घेऊन आलेल्या माणसाला पक्का ठाऊक होता आणि त्याच्याच जोरावर त्याने आमच्याकडून 2,79,000 रुपये काढले.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचं मशीनिंगचं युनिट आहे. व्हॉल्व्हचे सुटे भाग करतो. माणसं 52, त्यातल्या 31 जणांचा पगार 21,000 च्या वर, म्हणजे ईएसआयसीच्या, कामगारांच्या सरकारी विम्याच्या, बाहेर. गंमत बघा, हेल्परला ईएसआयसी आहे आणि पंधरा वर्षं सीएनसी चालवणाऱ्याला काहीच नाही. दिवाळीच्या बोनसची बोलणी चालू असताना या लोकांनीच सांगितलं, शेठ, बोनस थोडा कमी द्या, पण मेडिक्लेम काढा. माणशी 1,500 त्यांनी सोडले. म्हणजे गेलेल्या रकमेत 46,500 रुपये कामगारांच्या बोनसचे आहेत. कंपनीचे पैसे बुडाले तर मी रडत नाही, धंदा आहे. हे 46,500 मात्र अजून डोक्यातून जात नाहीत.

कोटेशनं रीतसर मागवली होती. कुणी म्हणेल चौकशी न करता दिले पैसे, म्हणून सांगतो. मागणी सगळ्यांकडे एकच: 31 कुटुंबं, नवरा, बायको, दोन मुलं, 3 लाखांचं फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच रक्कम), जुने आजार पहिल्या दिवसापासून धरलेले. एका कंपनीने दिलं 3,24,000 अधिक जीएसटी 58,320, एकूण 3,82,320. हा जीएसटी परतही मिळत नाही. कायद्याने सक्ती नसलेल्या अशा विम्यावर इनपुट क्रेडिट बंद आहे. तेव्हा ते 58,320 सरळ खिशातून जाणार होते, आणि लहान युनिटला ती रक्कम कशी टोचते ते लहान युनिटवाल्यालाच कळेल.

तेवढ्यात हा आला. मेव्हण्याच्या ओळखीतून. दांडिया बाजारात वाढलेला, मराठी आपल्यासारखंच बडोदेकर, गुजराती त्याहून फर्डी. गळ्यात ओळखपत्र, हातात अहमदाबादच्या एका ब्रोकरचं लायसन्स, लॅमिनेट केलेलं. माणशी 9,000 प्रमाणे 2,79,000, जीएसटीच्या रकान्यात शून्य, शेवटी 'सर्व करांसहित'. "दादा, आपल्या माणसाकडून मी वर कमावणार का? माझ्या कमिशनातून कमी केलंय," असं वर म्हणाला. एजंट आणि ब्रोकरने कमिशनातला वाटा गिऱ्हाइकाला देणं विमा कायद्याच्या 41 व्या कलमाने गुन्हा आहे, 10 लाखांपर्यंत दंड आहे. पण बाजारात कोण देत नाही? मला तो प्रामाणिक वाटला ते याच वाक्याने.

आता तो क्षण. आमचे अकाउंटंट शनिवारी येतात. त्यांनी कोटेशनवर पेन्सिलीने गोल केला आणि विचारलं, हे शून्य कसं? मी त्याला त्यांच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. तो हसला. "साहेब, नवरात्राच्या पहिल्या दिवसापासून माफ झालाय, तुम्ही पेपर वाचत नाही?" आणि दोन मिनिटांत बातमीचं कात्रण व्हॉट्सॲपवर. बातमी खरी होती! तारीख खरी, निर्णय खरा. फक्त कात्रण जिथे कापलं होतं तिथून पुढे 'वैयक्तिक पॉलिसींसाठी' हे आलं असणार. अकाउंटंट गप्प बसले, सीए टॅक्स ऑडिटमध्ये गळ्यापर्यंत बुडालेले. आणि मी, पन्नाशीचा माणूस, पेन्सिलीचा तो गोल समोर असताना आरटीजीएसच्या फॉर्मवर सही केली. दुसऱ्या कंपनीच्या कोटेशनवर 58,320 छापलेले होते, ते याच टेबलावर, याच फायलीत होते. दोन कागद शेजारी ठेवले असते तरी बास होतं. एक कंपनी कर लावते, दुसरी लावत नाही, असं कधी असतं का?

पैसे गेले कुठे, तर कुठल्याशा 'कन्सल्टन्सी'च्या खात्यात. विमा कंपनीच्या नव्हे. "सीडी अकाउंट उघडायचंय, आधी आमच्याकडे जमा होतात," असं सांगितलं. सीडी अकाउंट असतं हे खरं आहे. नवे कामगार आले-गेले की त्यांचा हप्ता कापून घ्यायला आगाऊ रक्कम ठेवतात. पण ते विमा कंपनीकडे असतं. ब्रोकरच्या खात्यात तुमचा प्रीमियम जाण्याचं काही कारणच नाही. एजंटने प्रीमियम हातात घेतला तरी बँकेच्या सुट्ट्या सोडून 24 तासांत पूर्ण रक्कम कंपनीत भरायची, हे विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमात लिहिलेलं आहे. चेक काढा, आरटीजीएस करा, नाव विमा कंपनीचंच. दुसरं नाव निघालं की उठा.

त्याने दोन कोरी लेटरहेडं नेली होती, सही-शिक्क्याची. "माणसं वाढली-घटली तर परत तुम्हाला त्रास नको." देऊ नका. कितीही जवळचा असो.

पॉलिसीची पीडीएफ आली, ई-कार्डं आली, नोटीस बोर्डावर यादी लावली, पेढे वाटले. आणि तपासलंही, बरं का! विमा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून पॉलिसी नंबर सांगितला. तिकडून उत्तर आलं, पॉलिसी चालू आहे, बाकी माहिती रजिस्टर्ड मोबाइलवरून फोन केलात तरच देता येईल. मी कंपनीच्याच मोबाइलवरून बोलत होतो! आता वाटतं, तिथेच खुर्चीतून उठायला हवं होतं. पण बँकेत, गॅस एजन्सीत, वीज कंपनीत हेच ऐकून ऐकून कान निबर झालेले असतात. पॉलिसी चालू आहे म्हणाले, मला तेवढंच ऐकायचं होतं. रजिस्टर्ड मोबाइल आणि ईमेल दोन्ही त्याचे होते. कंपनीचा प्रत्येक एसएमएस, प्रत्येक मेल त्याच्या खिशात जात होता.

फुटलं ते आमच्या टर्नरला छातीत कळ आली तेव्हा. वय 44. अँजिओप्लास्टी करावी लागली. रुग्णालयाच्या टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) काउंटरवर एका मुलीने कार्डाचा नंबर टाकला आणि म्हणाली, "मेंबर सापडत नाही." मी मोबाइलवरची पीडीएफ पुढे केली. तिने बोटाने पानं सरकवली आणि तळाशी दाखवलं. पहिल्या पानावर '3 पैकी 1', दुसऱ्यावर '3 पैकी 2', तिसऱ्यावर '3 पैकी 3'. आणि पानं होती पाच! तिसऱ्या पानावर सात नावं, खरी. पुढच्या दोन पानांवर आठपासून एकतीसपर्यंत, अक्षर जरा जाड, मेंबर नंबर एकाखाली एक ओळीने वाढत गेलेले. तिला दहा सेकंद लागले. आमच्या ऑफिसात ती पीडीएफ दोन महिने उघडली जात होती.

म्हणजे पॉलिसी बनावट नव्हती. त्याने खरोखरच पॉलिसी काढली होती, सात माणसांची, माणशी 1 लाख, बायका-मुलं नाहीत. प्रीमियम 16,800, त्यावर जीएसटी 3,024, एकूण 19,824. हो, तिथे त्याने जीएसटी भरला! उरलेले 2,59,176 त्याचे. सातच का, तर बहुतेक कंपन्या सातपासून ग्रुप धरतात. अशा फसवणुका म्हटल्या की आपल्या डोळ्यांसमोर खोटी पॉलिसी येते. पॉलिसी नंबर खरा निघाला की माणूस निवांत होतो, आणि हा खेळ नेमका त्या निवांतपणावर चालतो. नंबर तपासून काही होत नाही. मेंबरांची यादी विमा कंपनीकडून थेट तुमच्या ईमेलवर मागवा आणि टीपीएच्या ॲपमध्ये तीनचार कामगारांची कार्डं स्वतः उघडून बघा.

रुग्णालयाचं बिल 1,87,400. त्यातले 1,20,000 त्याच दिवशी कंपनीतून भरले, 67,400 टर्नरच्या भावाने जमवले, ते नंतर आम्ही त्याला दिले. तो काही बोलला नाही. बाकीचे बोलले. शेठने पैसे खाल्ले, असंही शॉप फ्लोअरवर बोललं गेलं. ऐकून घेतलं.

आता यापुढची टोलवाटोलवी ऐका.

विमा कंपनीची शाखा म्हणते, प्रपोजल फॉर्मवर सही तुमची, लेटरहेड तुमचं, त्यावर सात नावं, आमची चूक काय? मी विचारलं, प्रस्ताव आमच्या कंपनीचा आणि पैसे आले तिसऱ्याच खात्यातून, तुम्हाला एकदा फोन करावासा वाटला नाही? "सिस्टीमने घेतलं." सिस्टीमने घेतलं म्हणजे कोणी घेतलं? लायसन्सवरचा अहमदाबादचा ब्रोकर खराच निघाला, पण म्हणाला हा माणूस आमचा नाही, कधीच नव्हता.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, पॉलिसी मिळाली ना? मिळाली. मग हा दिवाणी मामला. मी पाच पानांची पीडीएफ दाखवली. म्हणाले, विमा कंपनीकडून लेखी आणा की ही बनावट आहे. कंपनी म्हणते, पॉलिसी तर खरी आहे, बनावट म्हणून कसं लिहून देऊ? परत ठाण्यात. साहेब बंदोबस्तात. परत गेलो तर अर्ज दुसऱ्या टेबलावर, आणि त्या टेबलावरचा माणूस मला विचारतो, तुम्ही शिकलेले ना हो? "चिंता ना करशो, थई जशे," असं जाताजाता सांगणारा एक होता, त्याचं मला बाकीच्यांपेक्षा जास्त वाईट वाटलं. फसवणूक कलम 318, बनावट दस्तऐवज कलम 336, न्याय संहितेतली ही दोन्ही कलमं अर्जावर वकिलाने लिहून दिली होती. ती वाचायलासुद्धा कुणी चष्मा लावला नाही. एफआयआर घेत नाहीत म्हटल्यावर कायद्याप्रमाणे वरच्या अधिकाऱ्याला लेखी पाठवता येतं, आणि तिथूनही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आता आम्ही त्याच वाटेवर आहोत. वकिलाची फी 25,000, वेगळी.

बँकेने खातं कोणाचं ते सांगायला नकार दिला, पोलिसांचं पत्र आणा म्हणाली. पोलीस पत्र देतात एफआयआर झाल्यावर. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर नोंद केली, पण दोन महिन्यांनी खात्यात काय उरणार? पैसे गेल्याचं कळलं की पहिल्या तासात 1930 लावा, ठाणं नंतर. विमा लोकपाल गुजरातसाठी अहमदाबादला बसतो, तक्रार फुकट असते, ग्रुप पॉलिसीवाल्यांना आणि सूक्ष्म उद्योगांनाही ते दार उघडं आहे. पण आधी विमा कंपनीला लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं, आणि तक्रार विमा कंपनी, तिचा एजंट किंवा ब्रोकर यांच्याविरुद्धच असावी लागते. आमचा माणूस यांपैकी काहीच नाही! म्हणजे लायसन्स असलेल्या चोराविरुद्ध दाद आहे, नसलेल्याविरुद्ध नाही. तरी कंपनीविरुद्ध अर्ज टाकणार आहे, पैसे तिसऱ्या खात्यातून का घेतले या एकाच मुद्द्यावर.

कुणी ब्रोकर म्हणून आला तर इर्डाच्या, म्हणजे विमा नियामकाच्या, वेबसाइटवरच्या यादीतून त्या ब्रोकरच्या ऑफिसचा नंबर काढा आणि तिथे फोन करून विचारा, हा माणूस तुमचा आहे का. त्याच्या कार्डावरच्या नंबरवर नको. प्रपोजल फॉर्म आठ पानांचा असला तरी स्वतः भरा, निदान मोबाइल आणि ईमेलचे रकाने आपल्या हाताने. इर्डाची हेल्पलाइन 155255 आहे. काही घडण्याआधी करा, तेव्हाच तिचा उपयोग.

नवी पॉलिसी घेतली. तीच, 3,82,320 ची, चेक थेट विमा कंपनीच्या नावाने. मेव्हणा अजून घरी येत नाही, आणि मीही बोलावलेलं नाही.

त्या माणसाचा फोन चालू आहे. स्टेटसला हल्ली वाघोडियाच्या एका युनिटमधला सत्काराचा फोटो आहे, हातात पुष्पगुच्छ. तेव्हा मकरपुरा, वाघोडिया, पोर-रमणगामडीतल्या ज्यांनी दिवाळीच्या सुमारास स्वस्तात ग्रुप मेडिक्लेम काढलाय, त्यांनी आजच्या आज पीडीएफ उघडून पानांच्या तळाचे आकडे बघा. आकडे जुळत नसतील तर पीडीएफ, बँकेची पावती आणि व्हॉट्सॲपच्या प्रिंट घेऊन मला भेटा. वकील म्हणतात, एका अर्जाला दिवाणी म्हणता येतं, चार अर्ज एकत्र गेले तर नाही.