एक्सेल की आर? बीएस्सीच्या पहिल्या वर्षासाठी

साताऱ्याहून पोरांना कासला नेतो, जमिनीवर ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्यातला तेरडा मोजायला. परतल्यावर आकडे कशात मांडायचे, एक्सेलच्या तक्त्यात की आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत?

एक्सेल ओळखीचं, सरासरी लगेच निघते. पण आपल्या संगणकावरच्या साध्या फाइलीत कुणी कुठला रकाना खोडला, याचा माग सहसा राहत नाही. शिवाय ‘सेप्ट२’ हे जनुकाचं नाव ते परस्पर २ सप्टेंबर करून टाकतं. अशाच घोळापायी २०२० पर्यंत अशा जनुकांची नावंच बदलावी लागली!

आर फुकट, पण पहिला आठवडा जड. एक कंस राहिला की लाल अक्षरं येतात, पोरं रडकुंडीला येतात. तरी मी आरच शिकवतो. प्रत्येक पायरी लिहिलेली असते, आणि तेरड्यासाठी लिहिलेल्या त्याच ओळी पुढच्या वर्षीच्या आकड्यांवरही चालतात.