बार्शी लाइटची मालवाहतूक: नॅरोगेज की ब्रॉडगेज?

मालगाड्यांचा नाद असलेल्या माणसाला कुर्डुवाडीच्या जुन्या नॅरोगेजची सर दुसऱ्या कशालाच नाही. १८९७ साली ब्रिटिश इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही लाइन, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे, सुरू झाली. दोन रुळांत अंतर फक्त अडीच फूट, म्हणून नॅरोगेज. इंजिन असो वा वाघीण (मालाचा डबा), एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा त्यांचा हिशेब. म्हणून हलके रूळही भरपूर माल पेलायचे. १९११ला लातूर, १९२७ला मिरज गाठलं.

घोडं अडायचं ते मालधक्क्यावर. लातूरचं डाळीचं पोतं मुंबईला धाडायचं तर कुर्डुवाडीत, जिथे रुंद रुळांची ब्रॉडगेज भेटायची, हमालाच्या पाठीवरूनच तिच्या मोठ्या वाघिणीत जायचं. हमालाने आकडा टोचला की गोणीतून दाणे सांडणारच. वेळ जायचा, मजुरी वाढायची. ब्रॉडगेजवर वाघीण एकदा भरली की थेट मुक्कामी.

नॅरोगेजच्या मिक्स्ड गाडीत प्रवाशांच्या डब्यांना वाघिणी जोडलेल्या. स्टेशनावर शंटिंग, म्हणजे वाघिणी जोडणं-तोडणं, उरकेपर्यंत सगळेच थांबायचे. आता ब्रॉडगेजवर अख्खी रेक, म्हणजे वाघिणींची पूर्ण माळ, शंटिंगसाठी न थांबता पुढे जाते.

व्यापाऱ्याने ब्रॉडगेजच मागावं, त्यात वाद नाही. पण गाडी कशी जोडतात, कशी तोडतात हे डोळ्यांनी शिकायला मला नॅरोगेजच हवी. तिथे सगळं हाताच्या अंतरावर चालायचं.