नवी पेठेतला फोटो स्टुडिओ: हात चांगला, फ्रेम बेकार

आजीचा भाऊ हवाई दलात कॅनबेरा बॉम्बरचा वैमानिक होता, १९७१ च्या युद्धात कामी आला. घरात त्याचा एकच फोटो, तोही वाळवीने खाल्लेला. जळगावात नवी पेठेतल्या एका स्टुडिओत दुरुस्तीला दिला.

चेहरा सुरेख काढला. उगाच गोरा केला नाही, हे विशेष! पण छातीवरचं चिन्ह एकाच पंखाचं. अहो, एक पंख नॅव्हिगेटरचा, म्हणजे विमानाचा मार्ग ठरवणाऱ्याचा, वैमानिकाला दोन. आपल्या हवाई दलाच्या बी(आय)५८ प्रकारच्या कॅनबेरात दोघेच असत: वैमानिक डावीकडे सरकवलेल्या काचेच्या घुमटाखाली, नॅव्हिगेटर पुढे नाकात, आणि त्याला संकटात विमानाबाहेर फेकणारी इजेक्शन सीटही नसे. हे काउंटरवर सांगितलं, तर पोराने कुरकुर न करता मोबाइलवर जुने फोटो शोधून दुसरा पंख बसवला. जादा पैसे घेतले नाहीत. आजी बघून म्हणाली, "हाऊच मना भाऊ शे."

दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात ग्रॅनाइटवर नावं आहेत, चेहरे नाहीत, म्हणून हा खर्च मला पटला. फ्रेम मात्र इथे घेऊ नका, महाग आणि हलकी. संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही, सकाळीच जा.