टीम कुणाची, हे खेळाडूंनी ठरवायचं का?

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका टेनिस बॉल क्रिकेट लीगची नियमावली सध्या माझ्याकडे वाचायला आलीय. सहा टीम, सहा मालक, ऑक्शन, सगळं ठरलंय. गाडी अडलीय एका कलमावर: मालकाला टीम दुसऱ्याला द्यायची असेल तर खेळाडूंच्या संघटनेची संमती लागावी की नको? लीग चालवणाऱ्या मंडळात दोन तट पडलेत. एक म्हणतो, "पैसे तो घालणार आणि विचारायचं आम्हाला? मग टीम घ्यायला येतंय कोण ओ?" दुसरा म्हणतो, "उन्हात पळायचं आम्ही, आणि कुणासाठी पळतोय तेच आम्हाला ठाऊक नाही, हे कसलं?"

माझा हात या प्रकरणात पोळलेला आहे, हे आधीच सांगतो. मी खेळायचो तेव्हा सेमी फायनलच्या आदल्या रात्री आमची टीम चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या हातात गेली. सकाळी टी-शर्ट आले ते जुन्या मालकाच्या नावावर नव्याच्या दुकानाचं नाव इस्त्रीनं चिकटवून. सहाव्या ओव्हरपर्यंत घामानं कोपरे सुटले आणि पाठीवर दोन्ही नावं दिसायला लागली. मानधन मागायला गेलो तर नवा म्हणाला, "ठरलं होतं त्याच्याशी, त्याला विचारा की." जुना म्हणाला, "टीम माझी राहिलीय कुठं?" आम्हाला मिळालं एक मेडल आणि जेवण. जेवण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू.

पण स्वतःच्या रागावर नियम लिहायचा नसतो. म्हणून जिथं हा प्रश्न मोठ्या पैशात उभा राहिला, तिथं काय झालं ते बघू.

खेळाडूंच्या बाजूनं सगळ्यात जोरदार दाखले अमेरिकेचे आहेत. २००९ मध्ये सेंट लुईस रॅम्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम विकायला निघाली. घेणाऱ्या गटात रेडिओवरचा वादग्रस्त निवेदक रश लिंबॉ होता. कृष्णवर्णीय खेळाडूंबद्दलची त्याची वक्तव्यं आधीपासून गाजलेली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख डिमॉरिस स्मिथ यांनी उघड विरोध केला, खेळाडूंनाही बोलायला सांगितलं. काही दिवसांत त्या गटानं लिंबॉला बाजूला केलं. पण तिथं विक्री मंजूर करायला ३२ पैकी २४ मालकांची मतं लागतात आणि संघटनेला एकही मत नाही. एका टीमच्या मालकानंही आपण विरोधात मत देऊ असं जाहीर केलं होतं. म्हणजे संघटनेनं दार ढकललं हे खरं, पण कडी आतून निघाली.

२०१४ चं बास्केटबॉलचं प्रकरण याहून बोलकं आहे. लॉस एंजेलिस क्लिपर्सचा मालक डोनाल्ड स्टर्लिंग याचं वर्णद्वेषी बोलणं एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रणातून बाहेर आलं. पुढच्याच सामन्याआधी क्लिपर्सच्या खेळाडूंनी सरावाचे शर्ट उलटे घातले, म्हणजे टीमचं नावच दिसू नये. (आमच्या टी-शर्टाची आठवण मला इथंच आली.) क्लिपर्सचा ख्रिस पॉल तेव्हा संघटनेचा अध्यक्षही होता. कडक कारवाई झाली नाही तर खेळायचंच नाही, अशी तयारी झाली होती. लीगचे आयुक्त अॅडम सिल्व्हर यांनी स्टर्लिंगवर आजन्म बंदी घातली, २५ लाख डॉलर दंड केला आणि अखेर टीम स्टीव्ह बाल्मर यांना २०० कोटी डॉलरना विकली गेली. इथंही खेळाडूंना मत नव्हतं. त्यांच्याकडं होती ती फक्त मैदानात न उतरण्याची ताकद.

आता मालकांची बाजू. ती आपल्याकडं लोक समजतात तितकी लबाडीची नाही. तोटा झाला तर खिसा त्याचा फाटतो. आणि संघटनेच्या हातात नकाराधिकार दिला तर तो कशासाठी वापरला जाईल? चारित्र्यासाठी, की 'आमच्या गल्लीतला नाही' म्हणून? सीमाभागात राहणाऱ्याला हे उलगडून सांगायला नको. इथं बोर्डावरच्या अक्षरांवरून दगड पडतात; उद्या मालक मराठी की कन्नड यावर मतं पडायला कितीसा वेळ लागतोय? शिवाय मंजुरी देणारी संघटना त्या मालकाशी मानधनावर भांडणार तरी कशी? तूच निवडलास ना, असं तो म्हणणारच. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, ती मजुरीसाठी. वखार कुणाच्या नावावर आहे यात त्या अडकल्या नाहीत, म्हणून त्यांचं भांडण सरळ राहिलं, असं मला वाटतं.

तिसरी वाट जर्मनीची. तिथल्या फुटबॉलमध्ये क्लबमधली निम्म्याहून जास्त मतं सभासदांकडं राहतात. थोडे अपवाद आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत लीगनं बाहेरचा गुंतवणूकदार आणण्याच्या विरोधात प्रेक्षकांनी मैदानात टेनिस बॉल फेकून सामने थांबवले आणि लीगला तो व्यवहार सोडावा लागला. पण हे सभासद म्हणजे प्रेक्षक, खेळाडू नव्हेत. आणि आपल्या सहा टीमना सभासद आणायचे कुठून? ही वाट आपल्यासाठी नाही.

आपल्या घरात काय? भारतीय क्रिकेटमध्ये २०१९ मध्ये अधिकृत खेळाडू संघटना आली, तीही निवृत्तांची. जो आज खेळतोय त्याला तिथं जागा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या बेळगावी पँथर्सच्या मालकाला सट्टेबाजीच्या आरोपावरून बेंगळुरू पोलिसांनी अटक केली. पुढं ती लीगच बंद पडली. २०२२ मध्ये महाराजा ट्रॉफी नावानं नवी स्पर्धा आली. तिच्यात हुबळी आहे, शिवमोग्गा आहे, बेळगाव नाही. आरोप मालकावर, आणि टीम गेली गावाची.

खेळाडूंची संमती असती तर हे टळलं असतं? मला नाही वाटत. मालक काय करतो हे ड्रेसिंग रूममध्ये बसून कळत नाही. आयपीएलमधल्या कोची टस्कर्सचं बघा. बँक गॅरंटी भरली नाही म्हणून २०११ मध्ये ती टीम रद्द झाली, आणि २०२१ मध्ये तिचा खेळाडू ब्रॅड हॉज ट्विटरवर विचारत होता, दहा वर्षांपूर्वीचे आमचे ३५ टक्के पैसे कुठं आहेत? त्याला मालक निवडायचा नव्हता. त्याला आधी बाजूला काढून ठेवलेले पैसे हवे होते.

म्हणून मंडळाला मी असं लिहून दिलंय. संमती नको. पण टीम दुसऱ्याला देण्याआधी सात दिवस संघटनेला नाव कळवायचं. हरकत असेल तर ती लेखी, कारणासह, आणि मंडळानं उत्तरही लेखी द्यायचं. जुन्या मालकाचा प्रत्येक करार नव्यावर बंधनकारक. सगळ्या खेळाडूंचं निम्मं मानधन ऑक्शनच्या दिवशीच मंडळाच्या नावानं ठेव म्हणून भरायचं. आणि सट्टा किंवा मानधन बुडवणं यात जो सापडलाय, त्याच्या बाबतीत मात्र दोनतृतीयांश खेळाडूंनी नाही म्हटलं तर विषय संपला. एवढाच नकाराधिकार, बाकी नाही.

काल रात्री दोन्ही तटांनी हे मान्य केलं. आता ती ठेव कुठल्या पतसंस्थेत ठेवायची, यावरून नवे दोन तट पडलेत.