बार्बाडोसची बस: साडेतीन डॉलरमध्ये कुठेही, पण घड्याळ बघू नका

कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटावर उतरलेल्या पाहुण्याला हॉटेलवाले आधी टॅक्सीच सुचवतात. टॅक्सीला मीटर नाही, भाडं बसण्याआधी ठरवून घ्यायचं, आणि दोन-तीन फेऱ्यांतच खिशाला चटका बसतो. त्यामानाने इथली बस म्हणजे चैन आहे. अंतर कितीही असो, तिकीट एकच: साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर (दर 2 ला 1 असा पक्का बांधलेला आहे). मुक्काम दक्षिण किंवा पश्चिम किनाऱ्यावर असेल तर गाडी भाड्याने घ्यायची गरजच नाही. पूर्व किनाऱ्याचं मात्र तसं नाही. ते पुढे येतंच.

रस्त्यावर तीन प्रकारच्या गाड्या दिसतात. पिवळ्या पट्ट्याच्या निळ्या मोठ्या बस सरकारी ट्रान्सपोर्ट बोर्डाच्या. 2020 पासून त्यांत इलेक्ट्रिक बस आल्या, त्या थंडगार आणि शांत आहेत. निळ्या पट्ट्याच्या पिवळ्या मिनीबस खासगी. तिसरी पांढरी व्हॅन, अंगावर किरमिजी पट्टा आणि नंबरप्लेटची सुरुवात ‘झेडआर’ या अक्षरांनी. लोकही तिला झेडआरच म्हणतात. आपल्याकडच्या वडापची ही सख्खी बहीण: भरल्याशिवाय हलत नाही, भरली तरी आणखी दोघे घेते, आणि गाणी अशी की शेजारच्याशी बोलायचं असेल तर ओरडावं लागतं.

पैशांचा घोळ सगळ्यात जास्त निळ्या बसमध्ये होतो. तिथे कंडक्टर नाही आणि ड्रायव्हर सुटे देत नाही. पाचची नोट दिलीत तर दीड डॉलर गेला असंच समजा. अमेरिकन डॉलरही तिथे चालत नाहीत. एटीएममधून बहुधा मोठ्या नोटा येतात, म्हणून पहिल्याच दिवशी दुकानात पाण्याची बाटली घेऊन नोट मोडा. साडेतीनचा हिशेब सोपा आहे: दोनची एक निळी नोट, एकचं एक नाणं आणि पंचवीस सेंटची दोन. एक डॉलरचं नाणं सात कोनांचं, त्यावर उडता मासा, त्यामुळे अंधारातही बोटांना कळतं. पन्नास सेंटचं नाणंच नाही, तेव्हा पंचविसाची नाणी जपून ठेवा. मिनीबस आणि झेडआरमध्ये सुटे मिळतात. अमेरिकन नोटही बरेचदा घेतात, पण उरलेले पैसे स्थानिक चलनातच परत येतात.

थांब्यांवर गोल पाट्या आहेत. एकावर ‘टू सिटी’, म्हणजे ब्रिजटाउनकडे. दुसऱ्यावर ‘आउट ऑफ सिटी’, म्हणजे राजधानीपासून दूर. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे बाजू चुकायची शक्यता कमी. नुसतं थांब्यावर उभं राहून भागत नाही, हात आडवा करून दाखवावा लागतो, नाहीतर रिकामी बससुद्धा समोरून निघून जाते. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हणायची इथे पद्धत आहे. न म्हणणारा उद्धट ठरतो, आणि मग रस्ता विचारायला गेलात की उत्तर तुटक मिळतं.

झेडआरमध्ये मागच्या बाकावर बसायचं असेल तर उतरायचं ठिकाण कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मधल्या वाटेत घडीच्या सीट असतात. त्या उघडल्या की तुम्हाला बाहेर काढायला चार जणांना उठावं लागतं, आणि ते उठेपर्यंत तुमचा बीच मागे पडलेला असतो. वाहतूक तुंबली की ड्रायव्हर आडवाटेने गाडी घालतो. घाबरू नका, बहुतेकदा तो पुढे मुख्य रस्त्यालाच लागतो. पोत्यासारखं कोंबून घेणं सहन होत नसेल, किंवा सोबत म्हातारी माणसं असतील, तर सरळ निळी बस धरा.

दक्षिणेला जायचं तर 11 नंबरची झेडआर: ब्रिजटाउनच्या काँस्टिट्यूशन रिव्हर टर्मिनलवरून हेस्टिंग्ज, रॉकली, वर्दिंग, सेंट लॉरेन्स गॅप, ऑइस्टिन्स करत सिल्व्हर सँड्सपर्यंत. या मार्गावर वाट बघणं असं काही नसतंच, एक गेली की मागे दुसरी. शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्सला तळलेल्या-भाजलेल्या माशांची जत्रा भरते, तेव्हा जाताना गर्दी होते. शाकाहारी मंडळींना तिथे मॅकरोनी पाय (चीज घालून भाजलेली मॅकरोनी) आणि भातावर भागवावं लागेल, तेही आत मांस नाही ना हे विचारून.

पश्चिमेची गाडी ब्रिजटाउनच्याच प्रिन्सेस अ‍ॅलिस टर्मिनलवरून स्पाइट्सटाउनला जाते. रस्ता जवळजवळ पूर्णवेळ समुद्राला लागून, त्यामुळे पेन्स बे, होलटाउन, मलिन्स यांपैकी कुठेही उतरता येतं. डाव्या खिडकीची जागा धरा, समुद्र त्या बाजूला. किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा रंगवलेलं झाड दिसलं तर ते मॅन्चिनील. त्याचा चीक अंगाला लागला तर फोड येतात आणि फळ विषारी, म्हणून पावसात त्याच्या आडोशाला थांबू नका.

आता पूर्व किनारा. बाथशेबाचे खडक आणि अटलांटिकच्या लाटा बघण्यासारख्या आहेत यात वाद नाही. पण तिथे निळी बस विरळ येते, आणि वेळापत्रकात असलेली फेरी न येणंही नवीन नाही. एक फेरी चुकली की उन्हात तास-दीड तास सहज जातो. सकाळी लवकर जा, उतरल्याबरोबर ड्रायव्हरला परतीच्या फेऱ्या विचारा आणि शेवटच्या फेरीच्या भरवशावर राहू नका. तिथे पोहायचं नाही, प्रवाह ओढून नेतात. रविवारी तर बसने जाऊच नये. चौघांत दिवसभराची गाडी केली तर खर्च वाटला जातो. भाड्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘एच’ असतो आणि पाहुण्यांना चालवण्यासाठी वेगळा परवाना काढावा लागतो, तो गाडी देणारी कंपनीच काढून देते.

दुपारी तीननंतर शाळा सुटतात, मग सहापर्यंत सगळ्याच बस भरून वाहतात. त्या वेळेत शहरात पायीच फिरा. केन्सिंग्टन ओव्हल प्रिन्सेस अ‍ॅलिस टर्मिनलवरून चालत जाण्यासारखं आहे. 29 जून 2024 ला भारताने दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-20 विश्वचषक जिंकला तो इथेच. त्यानंतर बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद झाला आणि रोहित शर्माचा संघ बेटावरच अडकून पडला. वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असतो. इशारा आला की बसही बंद होतात, तेव्हा त्या महिन्यांत तिकीट काढताना परतीची तारीख बदलता येईल असंच घ्या. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी, कडूमेंट डे या सणाला, मिरवणुकीमुळे रस्ते बंद असतात.

भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, 90 दिवसांपर्यंत राहता येतं. खरी अडचण वाटेत असते. थेट विमान नाही, आणि अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलायलाही तिथला व्हिसा लागतो. लंडनमार्गे जायचं तरी ट्रान्झिट व्हिसाचे नियम आधी तपासा. लष्करी छापाचे कपडे बेटावर कायद्याने बंद आहेत, लहान मुलांनाही. ट्रेकची ती हिरवी-तपकिरी टोपी घरीच ठेवा.

विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर बस थांबते. पाठीवर एक सॅक असेल तर खुशाल बसा. पाटीवर फक्त ‘स्पाइट्सटाउन’ वाचून मात्र चढू नका. काही गाड्या ब्रिजटाउन टाळून जातात, म्हणून ड्रायव्हरला उतरायचं गाव सांगून खात्री करा. सुटकेस असेल तर बस विसरा. सामानाला जागाच नसते. परतीच्या विमानाला तर सामान असो नसो, टॅक्सीच सांगा, आणि भाडं आदल्या रात्री ठरवून घ्या.