व्यालेल्या कुत्रीला रात्री झटके आले तर : सांगलीतल्या विश्रामबागच्या या दवाखान्याचा आमचा अनुभव

आमचा धंदा दुधाचा. कसबे डिग्रजला गोठा आहे, गाई-म्हशी मिळून दहा-बारा जनावरं, त्यामुळे जनावरांच्या डॉक्टरांशी रोजचा संबंध. कोण घाईत सुई टोचून पुढच्या गोठ्याकडे पळतो आणि कोण हात लावायच्या आधी चार प्रश्न विचारतो, हे इतक्या वर्षांत बघून कळायला लागलं आहे. त्या अनुभवावर सांगतो, कुत्र्या-मांजरांच्या या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचं काम पहिल्या प्रतीचं आहे. विशेषतः ज्यांच्या घरी गाभण किंवा पिल्लांना पाजणारी कुत्री आहे त्यांनी या दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये घालून ठेवावा.

आमची चिमी स्पिट्झ जातीची, वजन साडेसहा किलो. थोरल्या मुलीची लाडकी. पहिलंच वेत, आणि पिल्लं झाली पाच. एवढ्याशा अंगाला पाच तोंडं ओढत होती. पिल्लं तीन आठवड्यांची झाली, गुबगुबीत दिसायला लागली, आणि नेमकं तेव्हाच हे झालं. संध्याकाळपासून ती पिल्लांजवळ बसेना. आत-बाहेर येरझाऱ्या, कुंईकुंई, पुढच्या पायाने सारखं तोंड खाजवणं. दिवाळीनंतरची थंडी पडलेली आणि ही जीभ बाहेर काढून धापा टाकत होती. रात्री जेवणं होईपर्यंत मागचे पाय ताठ झाले, चालताना गुडघे वाकेनात. मग अंगभर थरथर सुरू झाली, ती थांबेचना. हात लावला तर अंग भाजत होतं.

एका दवाखान्यात फोन केला, तिथे "सकाळी घेऊन या" म्हणाले. शेजारचे अण्णा तोपर्यंत गोठ्यातून कॅल्शियमची बाटली घेऊन आले. व्यालेली गाय बसली की आपल्याकडे हीच साडेचारशे मिलीची बाटली चढवतात, त्यामुळे त्यांचा हेतू चांगलाच होता. मुलीने मधल्या वेळात या दवाखान्याचा नंबर शोधून लावला. रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले, तरी मॅडमनी स्वतः उचलला. व्यायला किती दिवस झाले, पिल्लं किती, वजन किती, शुद्धीत आहे का, एवढंच विचारलं. बाटलीचं सांगितल्यावर मात्र आवाज एकदम कडक झाला. "ती बाटली अजिबात लावू नका. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम आणि फॉस्फरसही असतं, गाईच्या अंगाच्या हिशेबाने केलेलं असतं. तोंडातूनही काही पाजू नका, झटक्यात ठसका लागून फुप्फुसात जाईल. पिल्लं बाजूला करा, ओला पंचा गुंडाळा आणि निघा. मी दवाखाना उघडते." पुतण्याने गाडी काढली. सांगलीवाडीवरून आयर्विन पूल ओलांडून विश्रामबागला पोहोचलो तेव्हा वरच्या मजल्यावर दिवे लागलेले होते.

टेबलावर ठेवेपर्यंत चिमीला पहिला मोठा झटका आला. ताप बघितला तर १०६. कुत्र्याचा नेहमीचा ताप १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे हा जिवावरचा ताप होता. मॅडम म्हणाल्या, हा ताप जंतूंचा नाही, स्नायू सारखे आखडत राहतात त्याने अंग तापतं. आधी पायाच्या शिरेत इंट्राकॅथ (सलाईन लावायची बारीक नळी) लावला, त्यातूनच तपासणीला रक्त घेतलं, एका थेंबावर साखर तपासली, कारण अशा वेळी साखरही खाली गेलेली असू शकते. चिमीची होती बऱ्यापैकी. कॅल्शियमचा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता, पण त्यांनी त्याची वाट बघितली नाही. छोटी जात, भरपूर पिल्लं, दूध भरात आणि ही लक्षणं, एवढ्यावरून त्यांनी एक्लॅम्प्सिया, म्हणजे पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम खाली जाऊन येणारे झटके, हा आजार ओळखला. (दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, कॅल्शियम ६.१. नऊच्या वर पाहिजे होतं.)

खरं कौतुक पुढच्या वीस मिनिटांचं आहे. दहा टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट त्यांनी सिरिंजमध्ये भरलं, जेमतेम सहा-सात मिली. आमच्या गाईच्या बाटलीपुढे ते किती थोडं! आणि एवढंसं औषध त्या वीस मिनिटं देत राहिल्या. एक हात सिरिंजवर, दुसऱ्या हाताने स्टेथोस्कोप छातीला, तोंडाने कोणाशी बोलणं नाही. मध्येच त्या थांबल्या. ठोके मंदावले होते. सुई तशीच ठेवून वाट पाहिली, ठोके पूर्ववत झाल्यावर पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षाही सावकाश. कॅल्शियम भरभर शिरेत गेलं तर हृदय बंद पडतं, हे मला माहीत होतं. गाय बाटली लावता लावता गेलेली मी शेजारच्या गावात बघितली आहे. म्हणून त्यांचं ते थांबणं मी डोळ्यात तेल घालून बघत होतो. शीर सोडून औषध कातडीत उतरलं तर ती जागा सडू शकते, म्हणून मदतनीस मुलगा सारखा पाय चाचपून सूज येतेय का बघत होता. अर्धं औषध गेलं तोवर थरथर कमी झाली. संपत आलं तेव्हा जबडा सैल पडला, आणि चिमीने मान वळवून मुलीकडे बघितलं.

तापाचंही तसंच. बर्फ लावला नाही. पोटाला आणि पंजांना साधं पाणी लावून पंखा सोडला आणि १०३ वर आल्यावर तेही थांबवलं. थरथर थांबली की ताप आपोआप उतरतो, जास्त गार केलं तर उलटा खाली घसरतो, असं त्यांनी समजावलं.

चिमी सलाईनवर पडल्यावर मी माझी शंका काढली. आमची गाय मिल्क फिव्हरने (व्याल्यावर कॅल्शियम कमी होऊन) बसते तेव्हा कान थंडगार पडतात, अंग ढिलं होतं, मान कुशीत घालून पडून राहते. मग कॅल्शियम कमी होऊन ही कुत्री ताठ आणि गरम कशी? मॅडमनी एका शेतकऱ्याला हे सांगायला रात्रीचा वेळ दिला याचं मला फार वाटलं. गाईत कॅल्शियम उतरलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचेनासा होतो, म्हणून ती लुळी पडते. कुत्रीत निरोप पोहोचण्याची ती जागा शाबूत राहते, पण कॅल्शियमअभावी मज्जातंतू इतके हुळहुळे होतात की कारण नसताना सारखे निरोप धाडत सुटतात. गोठेवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. गाईची लक्षणं कुत्रीत शोधत बसलात तर रोग समोर असून ओळखता येणार नाही.

मग त्यांनी विचारलं, गाभण असताना काय काय दिलं? चिमी ज्यांच्याकडून आणली त्यांनी फोनवर पक्कं बजावलं होतं की गाभण ठरल्या दिवसापासून रोज कॅल्शियमचं सिरप द्या. मुलीने नेमाने दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, बहुतेक घरांतून हेच ऐकायला मिळतं आणि ते उलटं आहे. गळ्याजवळ पॅराथायरॉइडच्या बारक्या ग्रंथी असतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की हाडांतून आणि आतड्यांतून ते ओढून आणायचं काम त्यांच्या हार्मोनचं. गाभणपणात वरून आयतं कॅल्शियम येत राहिलं की या ग्रंथी सुस्तावतात. व्याल्यावर दुधातून एकदम कॅल्शियम जायला लागतं आणि तेव्हा त्यांना वेळेवर जाग येत नाही. हे ऐकलं आणि मला आमची आटवलेली (विण्याआधी दूध काढणं बंद केलेली) गाय आठवली. विण्याआधीच्या शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत गाईला कॅल्शियम वाढवून देऊ नका, हे आम्हाला पशुवैद्यकांनी कितीदा सांगितलं आहे! तत्त्व एकच. पण कुत्रीच्या बाबतीत ते सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

गाभणपणात सिरपऐवजी चौरस आहार द्यायचा. शेवटच्या तीन आठवड्यांपासून पिल्लांसाठीचं चांगल्या प्रतीचं तयार खाद्य सुरू करायचं आणि पिल्लं पितात तोवर तेच, पोटभर. नुसता भात आणि बिनहाडाचं चिकन यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला, त्याने पाजणाऱ्या कुत्रीचं भागत नाही. आता झटका येऊन गेल्यावर मात्र पिल्लं सुटेपर्यंत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व द्यायचं आहे, तेही त्यांनी वजनावर मोजून लिहून दिलं. डोस कागदावर आहे, मनाने वाढवायचा नाही.

पिल्लांची व्यवस्था त्यांनी चिमीइतकीच मनापासून लावून दिली. निदान चोवीस तास आईला लावायची नाहीत. डब्यातलं पिल्लांचं दूध कोमट पाण्यात कालवून दर चार तासांनी बाटलीने, पिल्लू पोटावर पालथं ठेवून. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं तर दूध श्वासनलिकेत जातं. घरी दूध वाहतंय म्हणून गाईचंच पाजू का, असं मी विचारलं. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त स्निग्धांश आणि प्रथिनं असतात, साखर कमी असते, त्यामुळे नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लं हगवणीला लागतात आणि वाढत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तीन आठवड्यांची आहेत म्हणून मऊ कालवलेलं खाद्यही चाटायला ठेवायला सांगितलं. पाचही पिल्लं चार दिवसांत ताटलीला लागली. मॅडमनी पुन्हा आईकडे पाठवायची परवानगी दिली नाही, परत झटका यायची भीती असते म्हणून दूध तिथेच तोडलं. सडांत दूध साठून दगडी (सडांची सूज) होऊ नये म्हणून काय करायचं तेही फोनवर सांगत होत्या.

बिल रात्रीची तपासणी, औषधं आणि सलाईन धरून अडीच हजारांच्या आत आलं. रात्री उघडून दिल्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, ताप किती, खाल्लं का, थरथर आहे का.

कमतरता दोन आहेत. रात्रभर ठेवून घेण्याची सोय नाही. पहाटे दोनला आम्ही घरी आलो आणि आळीपाळीने तिच्याजवळ बसलो. झटका परत येऊ शकतो असा आजार असताना ती सोय असती तर जिवाला घोर कमी झाला असता. दुसरं म्हणजे औषधांचा कागद पूर्ण इंग्रजीत मिळतो. आमच्या मंडळींना त्यातलं काही वाचता येईना, शेवटी मुलीने मराठीत उतरवून फ्रिजवर लावलं. मॅडम, तुमच्याकडे येणारे निम्मे लोक आजूबाजूच्या गावांतले आहेत. व्यालेल्या कुत्रीची धोक्याची लक्षणं आणि गाभणपणाचा आहार, एवढा एक कागद मराठीत छापून घ्या. छपाईचा खर्च मी देतो, हे समोरही बोललो आहे आणि इथेही लिहून ठेवतो.

चिमीला पुढचं वेत घेऊ नका, एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दूध पूर्ण आटलं की नसबंदी इथेच करायची ठरली आहे.

जाणाऱ्यांनी निघण्याआधी फोन करावा. वजन, व्यायला किती दिवस झाले, पिल्लं किती आणि आतापर्यंत काय औषध दिलं, हे तयार ठेवावं, म्हणजे पोहोचेपर्यंत त्या सगळं भरून ठेवतात. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. कुत्रं मोठं असेल तर खालूनच हाक मारा, मदतनीस मुलगा स्ट्रेचर घेऊन येतो.